टेकवून झाडलेली गोळी

लॉस्ट मेअरच्या खोऱ्यात माणसाची पत बैलाच्या तंगडीवर ठरत असे. सुगी आटपली की कोणीतरी एक बैल काढायचा, साठ पावलांवरच्या झाडाला जाळून काळी केलेली फळी ठोकायची, तिच्यावर चाकूने फुली खरवडायची, आणि ज्याची गोळी फुलीच्या सगळ्यांत जवळ त्याने मागच्या दोन तंगड्यांतली हवी ती उचलायची. दुसऱ्याला उरलेली. तिसऱ्या-चौथ्याला पुढच्या तंगड्या, पाचव्याला कातडं आणि चरबी. सहाव्याला झाडात रुतलेलं शिसं, म्हणजे कुऱ्हाड घेऊन उकरत बसायची तयारी असेल तर. गोळी उभ्याने झाडायची, बंदूक खांद्याला लावून. नळी ओंडक्यावर किंवा दगडावर टेकवली की ती नेमबाजी धरत नसत. तशी गोळी म्हाताऱ्या झाडतात, तीही कोंबड्यांवर टपलेल्या ससाण्यावर, असं खोऱ्याचं मत होतं. इतर बहुतेक बाबतींत खोऱ्यात दोन तट होते. या बाबतीत नव्हते.

अझारिया टीगने चौपन्न वर्षांत कातडंही जिंकलं नव्हतं. जिंकणाऱ्यांच्या हातातल्या बहुतेक ठासणीच्या बंदुका त्याने बनवलेल्या असत, ही गोष्ट वेगळी. नळी घडवायची, तिला आतून आटे पाडायचे, दस्ता बसवायचा आणि शेवटी लोखंडाला तांबूस झाक यावी म्हणून पाऱ्याचं औषध चोळायचं, हे काम तो चौदाव्या वर्षापासून करत आला होता. पाऱ्याने त्याचे हात धरले. पेला ओठापर्यंत नेईतो अर्धं ताक दाढीत जायचं. शर्यतीला त्याला पंच म्हणून बोलवत, कारण दोरी धरून अंतर मोजायला डोळा लागतो, हात थोडा हलला तरी चालतो. झाडातलं शिसं बहुधा त्यालाच मिळे. सहावा आलेला माणूस तोवर शरमेने घरी गेलेला असे.

पण अझारियाचा हात कशावर टेकला की थांबायचा. सुताराच्या बाकावर, खिडकीच्या चौकटीवर, वाळूच्या पिशवीवर नळी ठेवली की तो दगडासारखा स्थिर. हे त्याला ठाऊक होतं आणि लोकांनाही ठाऊक होतं, पण पोहता येणाऱ्या कोंबडीचं जेवढं कौतुक होईल तेवढंच याचं व्हायचं. नऊ वर्षांपूर्वी त्याने केवळ स्वतःच्या समाधानासाठी एक बंदूक घडवली होती. नळी मनगटाएवढी जाड, वजन अठरा पौंड. आतले आटे सुरुवातीला सावकाश फिरणारे, तोंडाकडे येता येता घट्ट होत जाणारे. गोळी गोल नव्हे, साखरेच्या ढेपेसारखी लांबट. ती वाकडी शिरू नये म्हणून नळीच्या तोंडावर बसवायचं एक वेगळं लोखंडी टोपण. खांद्याला लावून ही बंदूक उभ्याने झाडणं कोणाच्याही बापाला जमलं नसतं. लोक तिला मेढ म्हणत, म्हणजे छपराखालचा खांब. लेम्युएल हेन्स्ली, ज्याने अकरा वेळा पहिली तंगडी उचलली होती, दुकानात आला की तिला टेकून उभा राहायचा आणि विचारायचा, "अझारिया, लेका, हिच्यावर छप्पर कधी घालतोस?"

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या चौथ्या वर्षी, अठराशे चौसष्ट सालच्या ऑक्टोबरात, अझारियाचा धाकटा भाऊ ओबेड दक्षिणेच्या सैन्यातून पळून घरी आला. आला तो घरात न शिरता थेट वरच्या कड्यावरच्या झुडपांत जाऊन राहिला. डोंगरातले निम्मे पुरुष तेव्हा असेच राहत. त्यांना धरायला सरकारने होमगार्डची टोळी ठेवली होती, आणि आपल्या खोऱ्यातल्या टोळीचा कप्तान होता बरवेल स्ट्रोड. युद्धाआधी तो गिरणी चालवायचा. जाडजूड, गुलाबी, बायकांशी बोलताना टोपी काढणारा. उन्हाळ्यापासून त्याने तिघांना फाशी दिली होती आणि तिघांच्या आयांना स्वतः जाऊन कळवलं होतं.

मंगळवारी सकाळी स्ट्रोड माणसं घेऊन ओबेडच्या घरी आला. घरात ओबेडची बायको झिल्फा एकटीच. ओबेडचं घर आणि अझारियाचं दुकान समोरासमोर, मध्ये खोल घळ आणि ओढा. सरळ रेषेत चारशे तीस पावलं, पायवाटेने उतरून चढायला अर्धा तास. अझारिया हातात कानस घेऊन मागच्या खिडकीत उभा होता.

ओंडके आडवे रचून केलेल्या कुंपणाचा एक कोपरा गार्डवाल्यांनी उचलला, झिल्फाला गुडघ्यावर बसवलं, तिच्या डाव्या हाताची बोटं खालच्या ओंडक्याखाली सरकवली आणि कुंपण सोडलं. स्ट्रोडने टोपी काढली. ओबेड कुठे आहे असं विचारलं. झिल्फाने सांगितलं की व्हर्जिनियात, तुम्हीच नेऊन ठेवलाय, हरवला असेल तर सरकारला विचारा. मग स्ट्रोड कुंपणावर चढला. एकेका ओंडक्यावर पाय देत, शिडी चढावी तसा, आणि वर पोचल्यावर एकदा टाचा उचलून खाली आदळला. झिल्फाने तोंड उघडलेलं अझारियाला आधी दिसलं. आवाज क्षणभराने घळ ओलांडून आला.

दोन बोटं गेली. तिने सांगितलं नाही. स्ट्रोड उतरला, टोपी घातली आणि म्हणाला की गुरुवारी याच वेळेला उजवा हात बघू, तोवर विचार करून ठेवा.

अझारिया पोचला तेव्हा झिल्फा हात ताकाच्या मडक्यात बुडवून ओट्यावर बसली होती. बोटं नव्हतीच म्हणावीत अशी झाली होती. हाड, कातडी आणि सालपटं एकत्र. त्याने ती कापली. आपल्या थरथरत्या हाताने नव्हे. हात टेबलाच्या कडेवर टेकवून, चामडं कापायच्या सुरीने. झिल्फाने दातात पट्टा धरला होता. तो सुटल्यावर ती म्हणाली की दुसऱ्या हाताला ती टिकणार नाही. शूरपणा एका हाताचाच होता, तो संपला. गुरुवारी ती सांगून टाकेल आणि शुक्रवारी ओबेड झाडाला असेल.

"गुरुवारी मी त्याला मारतो," अझारिया म्हणाला.

झिल्फाने त्याच्याकडे पाहिलं. "भावजी, तुम्ही आजवर कातडं तरी जिंकलंय का?"

"टेकवून मारीन."

"कुठून?"

"माझ्या खिडकीतून."

तिला हसू आलं आणि हसण्याने हात दुखला. मग तिने विचारलं की आपण काय करायचं. त्याने सांगितलं की गुरुवारी सकाळी दोरीवर तो लाल फलाणीचा परकर वाळत घाल, म्हणजे वारा कळेल. आणि स्ट्रोड कुंपणावर चढला की मान खाली घाल, ओंडक्याला कपाळ लाव, आणि काहीही झालं तरी वर बघू नकोस.

बुधवार गेला बंदूक निवडण्यात. लोकांना वाटतं निवड म्हणजे हातात घ्यावी, डोळ्याला लावावी आणि मनाला भावली की झालं. अझारियाच्या दुकानात तीन बंदुका होत्या आणि तिन्ही आपापल्या जागी चांगल्या होत्या.

पहिली बापाची. लांब, सडपातळ, वाटाण्याएवढी गोळी खाणारी. साठ पावलांवर खारीचा डोळा काढायची. पण वाटाणा तो वाटाणा, चारशे पावलं जाईपर्यंत त्याच्यात जीव राहत नाही, वारा त्याला धरून कुठेही नेऊन ठेवतो. लेम्युएलने सगळ्या तंगड्या असल्याच बंदुकीने जिंकल्या होत्या, म्हणून खोऱ्यात चांगली बंदूक म्हणजे ही.

दुसरी ओबेडने पळताना आणलेली सैन्यातली. अंगठ्याएवढी गोळी. नेमाच्या पट्टीवर नऊशेपर्यंत आकडे कोरलेले, म्हणजे कारखानदाराचा आत्मविश्वास दांडगा. अझारियाने नळीत मेणबत्ती धरून पाहिलं. आटे तीनच, उथळ, आणि तोंडाशी गज घासून एका बाजूने झिजलेले. चारशे पावलांवर हिची दहा गोळ्यांतली दहा धुण्याच्या टबाएवढ्या जागेत पडली असती. सैन्याला तेवढं पुरतं. समोर हजार माणसं उभी असतात, कोणीतरी टबात असतोच. इथे टबात स्ट्रोड असणार होता आणि स्ट्रोडच्या पायाशी झिल्फा.

तिसरी मेढ. हिने नऊ वर्षांपूर्वी चारशे पावलांवर बशीएवढ्या जागेत पाच गोळ्या ठेवल्या होत्या. पण हिचे लाड होते. धुतलेल्या कोरड्या नळीतली पहिली गोळी हात-दीड हात वर जायची. दुसरीपासून ठिकाणावर यायची. शर्यतीत त्यासाठी आधी एक गोळी फुकट झाडतात. स्ट्रोडला कळवून फुकट गोळी झाडणं जमणार नव्हतं. शिवाय मेढ ठासायला अझारियाला चार मिनिटं लागायची. आधी दारू, मग टोपण, गोळी, लाकडी हातोडी, गज, आणि घोड्याखाली ठेवायची ती पितळी टोपी, जी बोटांतून तीनदा पडायची. म्हणजे गोळी एकच.

संध्याकाळपर्यंत तो तिघींपुढे बसून होता. मग त्याने मेढ बाकावर घेतली, चूल पेटवली आणि झाडातून उकरलेलं शिसं वितळवलं. अठरा गोळ्या ओतल्या, सोन्याच्या काट्यावर तोलल्या, पंधरा परत कढईत टाकल्या. उरलेल्या तीन गोळ्यांतली जी टोपणात सर्वांत गुळगुळीत बसली ती ठेवली.

गुरुवारी सकाळी चिमूटभर दारू गोळीशिवाय जाळून त्याने नळी आतून काळी करून घेतली, म्हणजे पहिलीच गोळी दुसरीसारखी जाईल. आवाज दारावर थाप मारावी एवढाच झाला. मग त्याने बंदूक ठासली, सुताराचं बाक खिडकीपासून दोन हात आत ओढलं, म्हणजे धूर घरातच राहील, वाळूची पिशवी ठेवली आणि बसला. समोर दोरीवर लाल परकर होता. मधूनच उजवीकडे फुगायचा, मग पडायचा.

स्ट्रोड वेळेवर आला. झिल्फाला बसवली. टोपी काढली. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, काय उत्तर मिळालं तेही नाही. कुंपणाचा कोपरा उचलला गेला, उजवा हात आत गेला आणि स्ट्रोड चढू लागला. अझारियाने चाप पहिल्यांदा नुसता ओढून हलका करून ठेवला. स्ट्रोडच्या कोटाला पितळी बटणं पाच होती. नऊ वर्षांपूर्वीच्या हिशोबाने दुसऱ्या बटणावर धरलं तर चौथ्यावर लागणार होतं. परकर पडला. झिल्फाचं कपाळ ओंडक्याला टेकलं. त्याने चाप दाबला.

खिडकी धुराने भरली. धूर सरला तेव्हा स्ट्रोड अजून कुंपणावर होता, पोटावर हात धरून, हरवलेली वस्तू खिशात चाचपावी तसा. पाठीमागून कोटाचा मोठा तुकडा उडाला होता आणि मागे उभ्या असलेल्या गार्डवाल्याचं तोंड लाल झालं होतं. मग स्ट्रोड पुढे कलला.

अझारियाने वारा धरला होता, अंतर धरलं होतं, नळी, दारू, शिसं, सगळं धरलं होतं. मेलेला माणूस कोणत्या बाजूला पडेल हे धरलं नव्हतं. दोनशे तीस पौंडांचा स्ट्रोड कुंपणासकट झिल्फाच्या हातावर आला.

गार्डवाले पळून मक्याच्या ताटांत शिरले आणि आवाज जिथून आला असं वाटलं तिथे, म्हणजे घळीतल्या प्रतिध्वनीवर, अर्धा तास गोळ्या घालत राहिले. त्या अर्ध्या तासात झिल्फा त्या ओझ्याखाली होती. स्ट्रोडही पहिली काही मिनिटं पुरता मेला नव्हता. तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. काय, ते तिने कधी सांगितलं नाही. गार्डवाले कप्तानाला घोड्यावर आडवा टाकून गेल्यावर अझारिया घळ उतरून चढून तिथे पोचला. ओंडका उचलला. उजव्या हाताची तीन बोटं.

"बरोबर लागली, भावजी," ती म्हणाली.

"पडला चुकीचा."

त्याने पुन्हा चामड्याची सुरी काढली.

स्ट्रोडच्या जागी लेफ्टनंट पिंकनी रुडिसिल आला. सपाट मुलखातला, शाळामास्तर, बारीक, खिशातल्या घड्याळाशिवाय श्वास न घेणारा. त्याने शुक्रवारी चौकशी केली. गोळी घळीतल्या खडकांतून आली असावी, दोनशे पावलांवरून, असं त्याच्या माणसांनी ठरवलं. त्याहून लांबून कोणी माणूस मारू शकतो हे कोणाला सुचलंच नाही. दोनशे पावलांवरून उभ्याने मारणारा खोऱ्यात कोण? सगळ्यांनी एकच नाव घेतलं. त्यात द्वेष नव्हता. ती ख्याती होती.

खुद्द लेम्युएल हेन्स्लीने त्याच संध्याकाळी गिरणीवर एक चूक केली. कोणीतरी म्हणालं की असला नेम या खोऱ्यात एकाचाच. लेम्युएलने पाईप जोड्यावर आपटला आणि म्हणाला, "मी काही बोलत नाही." त्याला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. पण दोनशे पावलांवरून चढत्या माणसाला टिपल्याचं श्रेय आयतं दारात आलेलं. अकरा तंगड्यांचा माणूस ते परत कसं पाठवणार? रात्र पडायच्या आत गार्डवाल्यांनी त्याला धरला, त्याचे पुढचे दात पाडले, आणि मग तो बोलू लागला की मी नव्हतो. पण आता ते दात नसलेल्या तोंडातून येत होतं.

शनिवारी सकाळी झिल्फा दुकानात आली. दोन्ही हात चिंध्यांत. ओबेड दोन दिवसांपासून खिंडीच्या वरच्या झुडपांत तिची वाट पाहत होता. खिंड ओलांडली की टेनेसी, तिथे या गार्डचं काही चालत नव्हतं. पण खिंडीत स्ट्रोडने बसवलेले दोन पहारेकरी होते आणि दुसऱ्या वाटेवर हातांनी धरून चढावं लागत होतं. हात कुठे होते? ती हे सांगत असतानाच अंगणात घोडे आले.

रुडिसिलबरोबर सात माणसं, आणि गळ्यात दोर घातलेला लेम्युएल, चालत. रुडिसिलला पंचाची साक्ष हवी होती. मास्तरच तो, कागद पुरा केल्याशिवाय त्याला फाशी देववत नसे. त्याने विचारलं की या माणसाखेरीज खोऱ्यात तो नेम कोणाला साधला असता का.

लेम्युएलच्या हनुवटीवर रक्त सुकलं होतं. तो अझारियाकडे बघत नव्हता.

"मला," अझारिया म्हणाला. "गुरुवारी मीच मारला. त्या खिडकीतून."

सातही माणसं हसली. ती सगळी याच खोऱ्यातली, अझारियाने घडवलेल्या बंदुका पाठीवर असलेली. एकजण म्हणाला, "काका, तुमच्या पेल्यातलं ताक आधी तोंडाला लागू द्या." पण सगळ्यांत जास्त दुखावला गेला तो लेम्युएल. दोर गळ्यात असताना तो रुडिसिलकडे वळून तोंडातल्या तोंडात म्हणाला, "फाशी द्यायची तर द्या साहेब. पण त्या मेढीने टेकवून मारला म्हणता? माझ्या मरणाची थट्टा नको."

"लेम्युएल, गप राहा," अझारिया म्हणाला. "तुझा जीव वाचतोय."

रुडिसिलने घड्याळ पाहिलं. मास्तरांना प्रयोग आवडतात. त्याने निकाल दिला: त्याच खिडकीतून, त्याच कुंपणापाशी ठेवलेल्या फळीवर एक गोळी. फळीला लागली तर म्हातारा फासावर, हेन्स्ली सुटला. नाही लागली तर हेन्स्ली फासावर आणि खोटं बोलल्याबद्दल म्हाताऱ्याला चाळीस फटके.

हे ऐकताच सातांतला एकजण घोड्याला टाच मारून निघाला. कुठे, ते विचारायची कोणालाच गरज वाटली नाही. शर्यत असताना आपल्याला खिंडीत बसवून ठेवलं, असं ते दोघे पहारेकरी जन्मभर ऐकवत राहिले असते. अझारियाने त्याला वळणाआड जाताना पाहिलं, मग झिल्फाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.

"तू घरी जा, पोरी," तो म्हणाला. "परकर अजून दोरीवर असेल."

"काढून घेते, भावजी. वर गार असतं."

तिला कोणी अडवलं नाही. हात नसलेल्या बाईकडून टोळीला आता काही काढायचं नव्हतं, आणि तसंही सगळे फळीबद्दल बोलत होते.

मग अझारिया पंच झाला. एका गोळीचं काम त्याने तीन तास चालवलं आणि त्यातला एकही क्षण रुडिसिलला फुकट वाटला नाही, कारण प्रत्येक गोष्टीला सहा साक्षीदार मान डोलवत होते. फळी कोरी चालत नाही, जाळून काळी करावी लागते. ओक नको, चिरफळतो, पॉपलरची हवी. ती आणायला दोघे गेले. फुली त्रयस्थाने खरवडायची. इथे त्रयस्थ कोण यावर बराच वाद झाला आणि शेवटी रुडिसिलने स्वतः चाकू घेतला. रेषा सरळ आल्यावर तो जरासा खूश झाला. अंतर मोजायला दोघे पाठवले, एक उंच, एक बुटका. घळीमुळे पावलं जुळेनात. एकाने चारशे अकरा आणले, दुसऱ्याने चारशे साठ. दोघे हातघाईवर आले.

"साहेब, यांना परत मोजू द्या," अझारिया म्हणाला. "माझ्या जिवाचा प्रश्न आहे, त्याच्यापण."

मग गोळ्या ओतणं. पहिल्या चार साचा गार असल्यामुळे परत कढईत, हे सहाच्या सहा जणांना ठाऊक होतं. मग नळी धुणं, वाळवणं. मग चिमूटभर दारू जाळून नळी काळी करणं. ती ढब नवी होती. दोघे पुढे होऊन वाकून बघू लागले आणि एकाने हळूच विचारलं, किती चिमूट, काका?

दुपारी दोनच्या सुमारास बोलवायला गेलेला परतला आणि त्याच्याबरोबर खिंडीतले दोघे पहारेकरी आले, घोडे घामाने भिजलेले. सुरू झालं का, असं त्यांनी लांबूनच विचारलं. रुडिसिलने त्यांच्याकडे पाहिलं, ओळखलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात अझारियाने फळीपाशी उभ्या असलेल्यांना बाजूला व्हायला ओरडून सांगायची विनंती केली, आणि ते बोलणं राहून गेलं. अझारियाने माणसं मोजली. नऊ.

त्यानंतरही त्याने वाऱ्याच्या नावाखाली आणखी तासभर काढला. समोर दोरी रिकामी होती. मंगळवारी ज्या परकरावर वारा वाचायचं ठरवलं होतं तो निघून गेला होता, आणि तो निघून जावा म्हणूनच हा सगळा खटाटोप होता. आता वारा गवतावरून आणि गालावरून ओळखायचा. लेम्युएल खिडकीच्या बाजूला उभा केलेला, दोर एका गार्डवाल्याच्या खोगिराला बांधलेला. तो पहिल्यांदाच जवळून बघत होता: अझारियाची बोटं टोपी दोनदा पाडतात, तिसऱ्यांदा बसवतात, मग मनगट वाळूच्या पिशवीवर उतरतं आणि एखादा प्राणी झोपावा तशी थरथर थांबते.

चुकवणं सोपं होतं. बोटभर डावीकडे, आणि चाळीस फटक्यांत चौपन्न वर्षांचा माणूस मरतोच असं नाही. ही गोष्ट लेम्युएललाही कळली असावी, कारण तो दातांच्या फटीतून पुटपुटला, "अझारिया, वारा उजवीकडून येतोय. धर थोडा."

अझारियाने उजवीकडे थोडं धरलं आणि चाप दाबला.

धूर खिडकीबाहेर जायच्या आत समोरच्या काठावरचा माणूस टोपी हलवत नाचू लागला. नियमाप्रमाणे फळी आणली गेली, दोरी लावली गेली. फुलीच्या मध्यापासून अंगठाभर अंतर. नऊ माणसं त्या भोकाभोवती डोकी घालून उभी होती. एकाने त्यात करंगळी घालून पाहिली. बराच वेळ कोणाला कोणाचं काय करायचं आहे ते आठवेना. रुडिसिलला घड्याळ बंद करताना आवाज करावा लागला.

लेम्युएलच्या गळ्यातला दोर काढून अझारियाच्या गळ्यात घातला गेला. नवा आणायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. रुडिसिलने शब्द मोडायचा विचार केलाही असेल, पण नऊ जणांनी मोजलेला निकाल फिरवला तर रात्री टोळीत एकटाच उरू, एवढं त्याला कळत होतं. लेम्युएल जागचा हलला नाही. त्याला जा म्हणून दोनदा सांगावं लागलं. जाताना तो अझारियासमोर थांबला आणि डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली, हातांना धरायला काहीतरी असावं म्हणून.

दुकानापुढच्या पॉपलरला त्याला फाशी दिली. घोडा चपळ निघाला नाही, पडायला उंची कमी होती, आणि मान मोडण्याऐवजी सहा-सात मिनिटं गेली. चौघांनी पाठ फिरवली. शेवटी ज्याने चिमटीचं विचारलं होतं त्याने पुढे होऊन पाय धरून खाली ओढलं.

उन्हं कलल्यावर दोघे पहारेकरी खिंडीत परत गेले. तिथल्या चिखलात एका पुरुषाच्या आणि एका बाईच्या पावलांच्या खुणा होत्या, ताज्या, टेनेसीच्या बाजूने उतरणाऱ्या. दोघांनी त्यांच्यावरून घोडे चार वेळा फिरवले आणि शेकोटी पेटवली. रुडिसिलने सोमवारी वरच्या ठाण्याला कागद धाडला. त्यात कप्तान स्ट्रोडच्या खुन्याला रीतसर चाचणी घेऊन फाशी दिल्याचं होतं, आणि शेवटच्या ओळीत असं की खिंडीतला पहारा संपूर्ण आठवडाभर अखंड होता व सदर कालावधीत तिथून कोणीही गेलेलं नाही.